सोळा इंची तोफेच्या पोटात: कॅमडेनची ‘न्यू जर्सी’ युद्धनौका

डेकवर दिसते तो तोफेचा नुसता शेंडा असतो. अमेरिकेत कॅमडेनला संग्रहालय म्हणून उभ्या असलेल्या ‘न्यू जर्सी’ युद्धनौकेवर बरेच जण पुढच्या दोन टरेटसमोर (तोफा बसवलेल्या फिरत्या बुरुजांसमोर) फोटो काढतात आणि वरच्या मजल्यांकडे वळतात. तुम्ही तसं करू नका. जहाजाच्या तिकिटाबरोबर दोन नंबरच्या टरेटच्या फेरीचे जास्तीचे पैसे भरा आणि ती जागा आधीच ठरवून ठेवा. ती फेरी केली नाही, तर तोफ पाहिलीच नाही म्हणायचं.

गेल्या ऑक्टोबरात मी सासऱ्यांना आणि मुलाला घेऊन गेलो होतो. सासरे, म्हणजे आमचे अण्णा, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेत. न्यू जर्सी राज्यातल्या एडिसनहून ट्रेंटनपर्यंत आगगाडी, तिथून समोरच्या स्टेशनावरून रिव्हर लाईन ही छोटी रेल्वे. कॅमडेनला पोचायला तासभर लागतो. शेवटच्या थांब्याला उतरलं की जहाज चालत गाठता येतं. ही गाडी बऱ्याचदा अर्ध्या तासाने एक असते, तेव्हा ट्रेंटनला रेंगाळू नका. आम्ही रेंगाळलो आणि फलाटावर कुडकुडत बसलो. फिलाडेल्फियाहून नदी ओलांडून फेरीबोट येते, पण ती हंगामीच. डेलावेअरवरचा वारा बोचरा असतो, जाकीट हवंच.

हे जहाज त्याच नदीच्या पलीकडच्या तीरावर, फिलाडेल्फियाच्या गोदीत बांधलं गेलं आणि 7 डिसेंबर 1942 रोजी, पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याला बरोबर वर्ष झालं त्या दिवशी, पाण्यात उतरलं. लांबी 270 मीटर. सोळा इंची (नळीचं तोंड सोळा इंच रुंद) तोफा नऊ, तीन टरेटमध्ये तीन-तीन. एकेक नळी 20 मीटर लांब, ब्रीचसकट (नळीच्या मागच्या, गोळा भरायच्या दारासकट) वजन 120 टनांच्या वर. चिलखत फोडणारा गोळा 1,225 किलोचा, म्हणजे पन्नास किलोची साडेचोवीस पोती एका झटक्यात 38 किलोमीटरवर टाकायची.

एवढा गोळा वर कसा येतो, हे टरेटच्या आत कळतं. टरेट म्हणजे जहाजाच्या तळापर्यंत गेलेला पोलादी हौदच. त्याच्या मधल्या मजल्यांवर गोळे उभे करून ठेवलेले असत. फिरत्या कप्पीला दोर गुंडाळून खलाशी ते उभेच्या उभे, तेलकट लोखंडावरून सरकवत उचलयंत्रापाशी आणत. माझ्या मुलाला हे खरंच वाटेना. सगळ्यात खाली दारूच्या कोठारांतून बारुदीच्या पिशव्या येत. एका बारासाठी सहा, प्रत्येक पन्नासेक किलोची. आधी गोळा दांड्याने आत ठासायचा, मागून पिशव्या, मग ब्रीच बंद. तयार माणसं मिनिटाला दोन बार काढत.

पिशवीचा नमुना हातात घेऊन अण्णा म्हणाले, “रेशीम आहे. रेशीम पुरतं जळतं, मागे निखारा राहत नाही.” निखारा राहिला तर पुढची पिशवी आत जातानाच पेटेल. कोठारापासून तोफेपर्यंतच्या वाटेवर आग अडवणारी दारं आहेत, त्यांच्यापाशीही ते बराच वेळ थांबले. त्या दारांमागे पहिल्या महायुद्धातली, 31 मे 1916 ची जटलंडची नौदल लढाई आहे. ब्रिटिशांच्या तीन बॅटलक्रूझर (मोठ्या तोफांच्या वेगवान युद्धनौका) तिथे स्फोट होऊन बुडाल्या. टरेटमध्ये लागलेली आग कोठारापर्यंत गेली की काय होतं, ते त्या दिवसाने सगळ्या नौदलांना शिकवलं.

याच वर्गातल्या ‘आयोवा’ युद्धनौकेवर, याच दोन नंबरच्या टरेटमध्ये, 19 एप्रिल 1989 रोजी बारूद आतच पेटली आणि 47 खलाशी गेले. नौदलाने आधी त्यांच्यातल्याच एका मृत खलाशावर ठपका ठेवला आणि 1991 मध्ये तो मागे घेतला. हे आधी वाचून जा. आत त्या तीन ब्रीचसमोर उभं राहिल्यावर माणसं किती दाटीने काम करत, ते दिसतं. मला तिथे बोलवेना.

या तोफा युद्धनौकांशी लढायला बनल्या, पण झडल्या बहुतेक किनाऱ्यावर. फेब्रुवारी 1944 मध्ये प्रशांत महासागरातल्या ट्रूक बेटांजवळ ‘नोवाकी’ या जपानी विनाशिकेच्या दोन्ही अंगांना सुमारे 32 किलोमीटरवरून गोळे पडले, तरी ती निसटली. संपूर्ण दुसऱ्या महायुद्धात ‘न्यू जर्सी’च्या मोठ्या तोफांनी 771 गोळे टाकले, 1968-69 च्या व्हिएतनाम मोहिमेत 5,688. बार काढताना जहाज आडवं सरकतं, असं ऐकलं असेल तर ते खरं नाही. पाणी स्फोटाच्या दाबाने उसळतं, म्हणून तसं वाटतं.

जिने शिडीसारखे उभे आहेत, दारं अरुंद. बंद, न घसरणारे बूट घाला आणि पाठीवरची बॅग टाळा. गुडघे दुखत असतील तर डेक आणि वरचेच भाग पाहा. अण्णा हट्टाने उतरले, पण प्रत्येक शिडीवर मी त्यांच्या खाली होतो. उन्हाळ्यात आत फार उकडतं. चार तास हाताशी ठेवा आणि सकाळीच पोचा.

शेवटी नेमबाजीचं गणित करणारी खोली पाहाच. तिथे दातेरी चाकांचा यांत्रिक गणक आहे. आपला आणि शत्रूचा वेग, दिशा, अंतर, वारा, सगळं त्यात जायचं, काही यंत्रांकडून आपोआप, काही हाताने भरून. लांब पल्ल्याला गोळा सव्वा मिनिटाहून जास्त हवेत असतो, म्हणून पृथ्वीचं फिरणंही हिशेबात येतं. अण्णांनी मार्गदर्शकाला विचारलं, बारूद गरम असेल तर गोळा लांब जातो, त्याचं काय? त्या निवृत्त खलाशाने गोळ्याच्या सुरुवातीच्या वेगाच्या तबकडीवर बोट ठेवलं: बारुदीचं तापमान आणि नळीची झीज, दोन्ही इथे धरतात. मग तो आणि अण्णा, एक इंग्रजीत आणि एक अर्ध्या मराठीत, बारुदीवर बोलत राहिले. आमची साडेतीनची गाडी गेली. परतीच्या दोन गाड्या पाहून ठेवा.