दहावी रात्र

एप्रिल-मे महिन्यात आमच्या फ्रिजवर एक कागद चिकटवलेला असतो. सात ओळी, सात रकाने, ४९ चौकोन. आम्ही ज्यू. पेसाह सणाच्या दुसऱ्या रात्रीपासून शावुओत सणापर्यंत रोज अंधार पडला की आधी बेराखा, म्हणजे देवाचं नाव घेऊन स्तुतीची ओळ म्हणायची, मग मोजायचं: आज ओमेरचा अमुक दिवस. पेन्सिलीने चौकोन काळा केला की झालं. दोन मिनिटंही लागत नाहीत, आणि म्हणूनच विसरायला होतं.

येरुशलायमच्या मंदिरात या दिवसांच्या सुरुवातीला नव्या जवाचं एक माप वाहत, ते ओमेर. मंदिर गेलं, जव गेले, मोजणी राहिली. पुढे कब्बालावाल्यांनी, म्हणजे आमच्यातल्या गूढवाद्यांनी, एकेका आठवड्याला एकेक गुण जोडून दिला. पहिला आठवडा दयेचा, दुसरा संयमाचा, असं रोज थोडं थोडं स्वतःला घासत जायचं.

माझी चुकली ती दहावी रात्र, म्हणजे भर संयमाचा आठवडा. समोरच्या घरी हळद होती. (आमच्याकडे या दिवसांत लग्नं होत नाहीत, शेजाऱ्यांची लग्नसराई मात्र नेमकी तेव्हाच.) तिसऱ्या वाटीनंतर श्रीखंड मोजायचं मी सोडलं, आणि त्याबरोबर ओमेरही. रात्री विसरलं तर दुसऱ्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत बेराखेशिवाय मोजून घेता येतं, मग पुढे सगळं पूर्ववत. मी तोही दिवस ऑफिसात घालवला. अकराव्या रात्री पेन्सिल हातात घेतली तेव्हा मागचा चौकोन पांढरा दिसला.

आता पुढची सगळी बेराखा गेली. एका रात्रीपायी एकोणचाळीस रात्रींची! मला तो कागद फाडून टाकावासा वाटला. पूर्ण नाही तर मग काहीच नको, हा माझा जुना आजार आहे. जिमची वार्षिक फी दोनदा मी अशीच घालवली आहे.

शनिवारी ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये शेजारी बसणाऱ्या काकांना सांगितलं. ते म्हणाले, "बेराखा चुकली ना? आकडा कुठे चुकलाय? आज किती ते तुला ठाऊक आहे की नाही?"

नंतर मी नियमामागचं कारण शोधलं. तोरात, म्हणजे आमच्या धर्मग्रंथात, 'सात पूर्ण आठवडे' असे शब्द आहेत. त्यामुळे काही जुन्या पंडितांच्या मते ही सगळी मिळून एकच मोजणी, एक मणी निसटला की माळ संपली. बाकीच्यांच्या मते प्रत्येक रात्र हे वेगळं कर्तव्य. वाद मिटला नाही. मग मधला मार्ग निघाला: देवाचं नाव उगाच घेतलं जाऊ नये म्हणून बेराखा म्हणू नका, पण मोजत राहा. हझान, म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारा, बेराखा म्हणेल तेव्हा ऐकून आमेन म्हणा आणि आपला आकडा उच्चारा. थांबा असं मात्र या मधल्या मार्गात नाही. मला तर यात एखाद्या समंजस आजीचा हात दिसतो.

तसंही, आम्ही बेने इस्रायल, कोकणातले ज्यू. तिथे किती पिढ्या हिब्रू पोथ्यांशिवाय गेल्या! तेलाच्या घाण्याचे बैल मात्र शनिवारी, आमच्या विश्रांतीच्या दिवशी, सुटेच राहिले, म्हणून गाव आम्हाला शनिवार तेली म्हणायचं. शेमा ही प्रार्थना तेवढी तोंडी टिकली. आमच्या कागदावर पांढरे चौकोन कमी नाहीत.

याच मोजणीच्या मध्ये, आमच्या पंचांगातल्या इय्यार महिन्याच्या चौदाव्या तिथीला, पेसाह शेनी येतो: दुसरा पेसाह. इजिप्तमधून सुटून आमचे पूर्वज वाळवंटात होते तेव्हा काही माणसं प्रेताला शिवल्यामुळे अशुद्ध होती, त्यांचं पेसाहचं अर्पण राहिलं. गप्प बसायचं सोडून ती थेट त्यांचा पुढारी मोशे याच्याकडे गेली: आम्हीच का मागे राहावं? मोशेकडे उत्तर नव्हतं, त्याने देवाला विचारलं, आणि देवाने महिन्यानंतरची तारीख दिली. एरवी हुकूम वरून खाली येतात. हा खालून तक्रार गेली म्हणून आला. सोसायटीच्या मीटिंगमध्ये असं झालेलं मी तरी पाहिलेलं नाही.

त्या संध्याकाळी एकोणतिसावा लागणार होता. मुलगा आंबा चोखत आला. "बाबा, आज कितवा?"

"काल अठ्ठावीस होता," मी म्हणालो. तिन्हीसांजेला कोणी विचारलं तर असंच उत्तर द्यायचं असतं. आजचा आकडा तोंडून गेला तर मोजून झाल्यासारखं होतं आणि बेराखा हुकते.

"पण तुझी तर आधीच गेलीय. आता सरळ सांगितलंस तर काय बिघडतं?"

काहीच नाही. मी खिडकीपाशी गेलो आणि अंधार पडलाय का ते पाहिलं.