कॅस्पिर १/३५: पोट जुळलं, आता चाकं

कॅस्पिर या सुरुंगरोधी चिलखती गाडीच्या मॉडेलचं खालचं अंग जोडून झालं. १ मिमीच्या प्लास्टिक शीटमधून सगळं हाताने करायचं ठरवलं होतं आणि सुरुवात मुद्दाम पोटापासून केली. एरवी मॉडेल उलटं करून कोण बघतं? पण या गाडीचं सगळं मोल त्या बाजूलाच आहे.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेतल्या सीएसआयआर या संशोधन संस्थेने ती तिथल्या पोलिसांसाठी तयार केली. आजच्या नामिबियाच्या उत्तरेला, ओवाम्बोलँडच्या रेताड रस्त्यांवर, नामिबियाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या स्वापो संघटनेचे गनीम सोव्हिएत बनावटीचे टीएम-५७ सुरुंग पुरत. चाकाखाली असे तीन सुरुंग एकदम फुटले, म्हणजे २१ किलो टीएनटी, किंवा थेट पोटाखाली दोन, म्हणजे १४ किलो, तरी आतली माणसं जगली पाहिजेत, या अटीवर ती आखली गेली. त्याआधीची बफेल ही सुरुंगरोधी गाडी युनिमॉग ट्रकच्या चासीवर माणसं बसवायचं कवच चढवून केलेली होती. उंच आणि डोक्याकडे जड, त्यामुळे ती उलटायचीही पटकन. कॅस्पिरला वेगळी चासीच नाही. पोलादी कवच हाच सांगाडा, आणि अ‍ॅक्सल त्याला बाहेरून बोल्टने कसलेले.

व्ही आकाराचं पोट तिरकं, म्हणून स्फोटाचा दाब खाली कोंडत नाही, दोन्ही उतारांवरून बाहेर निघून जातो. शिवाय गाडी जमिनीपासून ४१० मिमी उंच. अंतर वाढलं की धक्का झपाट्याने उतरतो. १/३५ मध्ये ही उंची १२ मिमीपेक्षा थोडी कमी येते. एवढ्याशा जागेत अ‍ॅक्सल, पाटे (लीफ स्प्रिंग) आणि इंजिनाची ताकद अ‍ॅक्सलला पोचवणारा प्रोपेलर शाफ्ट बसवताना मूळ आखणी किती विचाराने केली होती ते कळतं. चाक उडून जाऊ द्यायचं, अ‍ॅक्सल वाकू द्यायचा, ते तिथल्या तिथे बदलता येतात. माणसांच्या खोलीला मात्र भोक पडू द्यायचं नाही.

प्रत्यक्ष कामात वेळ गेला तो तळाच्या सांध्यात. दोन लांब पट्ट्यांच्या कडा आतून तिरक्या तासल्या, आत आडव्या भिंती उभ्या केल्या आणि प्लास्टिक जोडायचं पातळ सिमेंट ब्रशने फटीत सोडलं. ते आपोआप आत ओढलं जातं, दाबायचीही गरज पडत नाही. रात्रभर वाळल्यावर ४०० नंबरचा पॉलिश पेपर सपाट ठोकळ्यावर गुंडाळून कड घासली. बोटाने घासली असती तर गोल झाली असती, आणि ही धार सरळ हवी. पाट्यांसाठी ०.५ मिमीच्या पट्ट्या एकीवर एक, प्रत्येक थोडी आखूड.

रंग भारतीय लष्कराचाच देणार आहे. वर्णभेदी राजवटीच्या कूफूट या पोलीस तुकडीने याच गाड्या घेऊन गावांमध्ये जे केलं, ते माहीत असताना त्यांची खूण माझ्या कपाटात नको. आपल्या लष्कराने १९९० च्या दशकाच्या शेवटी कॅस्पिर घेतल्या आणि काश्मीरमध्ये वापरल्या. मेडकच्या ऑर्डनन्स फॅक्टरीची आदित्य ही गाडीही याच घराण्यातली.

हे मॉडेल मनात घर करून होतं त्याला गडचिरोली कारण आहे. १ मे २०१९ ला जांभुळखेड्याजवळच्या स्फोटात पोलिसांचे १५ जवान आणि चालक गेले. ते साध्या खासगी गाडीतून चालले होते. सुरुंगरोधी गाडी असली की सगळं निभावतं असंही नाही. डांबराखाली खूप मोठा साठा पुरला तर अशी गाडीही उलथते, म्हणून त्या भागात दलं पायी चालणंच पसंत करतात. तरी जिथे गाडीशिवाय इलाज नाही, तिथे खाली सपाट पत्रा आहे की व्ही, याने जीव वाचतात.

पुढचं काम चाकांचं. १४.०० × २० चा टायर म्हणजे १/३५ मध्ये सुमारे ३६ मिमी व्यास. एक मास्टर, म्हणजे मूळ नमुना, तयार आहे, त्यावरून सिलिकॉनचा साचा करून रेझिनमध्ये पाच ओतायची, पाचवं स्टेपनीचं. रेझिन ओतण्याआधी साच्यात टाल्कम पावडर भुरभुरून झटकली की नक्षीच्या कोपऱ्यांत बुडबुडे अडकत नाहीत. त्यानंतर आतले सीट आणि हार्नेस. हार्नेस मास्किंग टेपचे करेन, पण ते नक्की करणार, कारण पट्टा न बांधलेला जवान स्फोटाच्या उसळीत छतावर आपटतो. बाजूच्या जाड बुलेटप्रूफ काचांची हिरवट झाक कोणी अ‍ॅसिटेटच्या पारदर्शक शीटवर जमवली असेल, तर कुठला रंग किती पातळ केला ते जरूर कळवा.