अजून टुणटुणीत

नोव्हेंबरातली दुपार. हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत गेले होते. आपण जिवंत आहोत हे वर्षातून एकदा सही करून सांगायचं, म्हणजे पेन्शन चालू राहते. काउंटरवरच्या मुलीनं यादी पुढं सरकवली, माझं वय वाचलं, मला न्याहाळलं आणि अगदी मनापासून म्हणाली, "काकू, अजून टुणटुणीत आहात हो!"

कौतुकच होतं. पण घरी येईपर्यंत चपलेत खडा गेल्यासारखं टोचत राहिलं. बावीस वर्षांचा मुलगा दोन-दोन पायऱ्या गाळत जिना चढला तरी त्याला कुणी टुणटुणीत म्हणत नाही. त्यासाठी आधी म्हातारं व्हावं लागतं. शिवाय तो शब्द एकटा येत नाही. 'अजून' नाहीतर 'या वयातही' त्याचं बोट धरून येतंच.

बाळ असतं तेव्हा गुटगुटीत. शाळेत गेलं की चुणचुणीत. मी 32 वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, तेव्हा खरं सांगून टाकते: प्रगतिपुस्तकावर मी 'चुणचुणीत आहे' लिहिलेली निम्मी मुलं वर्गात अखंड बडबडणारी होती. पुढं लग्नाच्या वयात माणूस तरतरीत होतं. निदान त्याचं नाक तरी. मला बघायला आलेल्या मंडळींनी परत जाताना "नाक तरतरीत आहे" एवढाच शेरा दिला होता. नाकाला कसली आलीय तरतरी, ती चहा प्यायल्यावर येते! ठणठणीत व्हायचं तर आधी आजारी पडायला हवं. आणि टवटवीत? तो मंडईतल्या मेथीला, पाणी मारल्यानंतर.

आजीला मात्र टुणटुणीत म्हटलेलं मुळीच खपत नसे. "दृष्ट लावा मेल्यांनो," म्हणायची आणि पाहुणे वळले की स्वतःच स्वतःवरून मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकायची. मोहरी तडतडली की समाधानानं मान हलवायची. दुपारी माजघरात आम्हा नातवंडांना गोष्ट सांगायची ती ठरलेली, भोपळ्यातल्या म्हातारीची. 'म्हातारी-बितारी मला नाही ठाऊक, चल रे भोपळ्या टुणूक टुणूक' आलं की मांडी घातल्या घातल्या गुडघे उडवायची. बांगड्या वाजायच्या. आम्ही हसून लोळायचो. टुणटुणीत हा शब्द त्या टुणूकमधूनच निघाला अशी माझी बरीच वर्षं समजूत होती, आणि अजूनही ती सोडायची माझी तयारी नाही.

शेवटच्या वर्षी आजीला कुणी टुणटुणीत म्हणेनासं झालं. येणारे "बऱ्या आहात ना?" एवढंच विचारायचे. मीठ-मोहरीचा डबा फडताळात तसाच राहिला.

एकदा मी तिला विचारलं होतं, म्हातारी घरी पोचली खरी, पण वाघ तर अजून रानातच आहे ना? मग ती परत लेकीकडे जाईल तेव्हा?

आजी पदरानं कपाळ पुसत म्हणाली, "जाईल की. लेक काय एकच भोपळा लावते?"