ओलं जिम आणि चौदा तासांचं घड्याळ

जुलैचा उत्तरार्ध. डॅलसजवळचा शो संपवून आमचं ड्रम कोअर, म्हणजे ब्रास आणि ड्रम वाजवत मैदानावर कवायत करणारं मुलांचं पथक, आय-35 हायवेने दक्षिणेला निघालं तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते. मुलांच्या चार बस, स्टाफची एक, वाद्यं आणि प्रॉप्सचा एक सेमी ट्रेलर, किचनचा दुसरा, आणि दोन व्हॅन. मुक्काम सॅन अँटोनिओच्या उत्तरेला एका हायस्कूलच्या जिममध्ये. एक दिवस सराव, मग अलामोडोम स्टेडियममधली मोठी स्पर्धा.

वर्ल्ड क्लास, म्हणजे सगळ्यात वरच्या गटातल्या कोअरमध्ये मैदानावर जास्तीत जास्त 165 मुलं असतात. त्यांना पगार नसतो, उलट तीच हंगामाची हजारो डॉलर फी भरतात. पगारी असतो तो आजूबाजूचा गोतावळा. संगीत आणि ड्रिल, म्हणजे मैदानावरच्या हालचाली, लिहिणाऱ्यांचे करार टूरच्या कितीतरी आधी होतात आणि त्यातले बरेच टूरवर अधूनमधूनच दिसतात. शिकवणारे टेक आठवड्याच्या मानधनावर येतात. टूर डायरेक्टर, आम्ही दोन असिस्टंट, किचन मॅनेजर आणि अ‍ॅथलेटिक ट्रेनर यांना हंगामाची ठोक रक्कम मिळते. तिला कामाच्या तासांनी भागायच्या फंदात कुणी पडत नाही. किचनमधले बाकीचे हात स्वयंसेवकांचे, बहुतेक पालकच.

पुढच्या व्हॅनमध्ये मी होते. ताफ्याच्या आधी पोचायचं, दारं उघडून घ्यायची, कुठल्या सेक्शनने कुठे झोपायचं त्याचे कागद चिकटवायचे, किचनसाठी पाण्याचा नळ शोधायचा, हे त्या व्हॅनचं काम. पाचला शाळेची देखभाल करणाऱ्या कस्टोडियनने दार उघडलं आणि थिनरसारखा वास नाकात शिरला. जिमच्या दाराला पिवळी पट्टी. लाकडी फ्लोअरला आदल्या दुपारी पॉलियुरेथेनचा नवा हात दिलेला. उन्हाळी सुट्टीत अमेरिकेतल्या शाळा हे काम काढतातच. आमचं बुकिंग बँड डायरेक्टरमार्फत झालेलं, फ्लोअरचं कंत्राट स्कूल डिस्ट्रिक्टच्या मेंटेनन्स विभागाचं, आणि कंत्राटदाराने तारीख अलीकडे ओढली ती बँड डायरेक्टरला कुणी कळवलीच नव्हती.

फ्लोअरवर पाय ठेवायचा प्रश्नच नव्हता. कॅफेटेरिया आणि कॉरिडॉर मोकळे होते, पण ट्रेनरने तिथे झोपायलाही नकार दिला. एसीची हवा सगळीकडे तीच फिरत होती, आणि दम्याचा पंप जवळ बाळगणारी मुलं प्रत्येक कोअरमध्ये असतात. टूर डायरेक्टरने तिथल्या तिथे मान डोलावली.

बॅकअप म्हणून 25 मैलांवरची एक मिडल स्कूल ठरवलेली होती. तिचं विमापत्र, म्हणजे शाळेचं नाव आमच्या पॉलिसीत घातल्याचा कागद, मे महिन्यातच काढून ठेवलं होतं. नाहीतर एजंटचं ऑफिस उघडेपर्यंत कुणी आत घेतलं नसतं. अडलं ते चावीपाशी. तिथला माणूस सहा दहाला फोनवर सापडला.

तोवर ट्रकचं घड्याळ संपलं होतं. मालवाहू गाडीच्या ड्रायव्हरला कामावर आल्यापासून चौदा तासांच्या आत आणि एकूण अकरा तासच गाडी चालवता येते. त्याआधी सलग दहा तासांची सुट्टी हवी. हे चौदा तास सलग धावतात. मध्ये स्टेडियमबाहेर तीन तास नुसता बसला तरी थांबत नाहीत. आमचे दोन्ही ड्रायव्हर दुपारी चारला कामावर आलेले, म्हणजे सकाळी सहाला खलास. बसचा हिशेब निराळा. तिथे दहा तास ड्रायव्हिंग आणि पंधरा तास ड्यूटी, पण मधली खरीखुरी सुट्टी पंधरात धरत नाहीत. शो चालू असताना बस ड्रायव्हरांना रीतसर मोकळं सोडलं होतं, म्हणून त्यांच्याकडे तास शिल्लक होते.

म्हणजे मुलं पुढे जाऊ शकत होती, त्यांचं जेवण नाही. ट्रक आधीच परस्पर तिकडे का नाही वळवले, असं एका टेकने विचारलं. बंद फाटकासमोर, वस्तीतल्या रस्त्यावर, अंधारात सत्तर फुटांची गाडी उभी करून बघावी म्हणजे उत्तर मिळतं. दुसऱ्याने पर्सनल कन्व्हेयन्स, म्हणजे ड्यूटी संपल्यावर ट्रक स्वतःच्या कारणासाठी चालवण्याची मुभा, लावून न्यायचं सुचवलं. ती सवलत ड्रायव्हरला विश्रांतीच्या जागी पोचण्यासाठी आहे. 220 माणसांचं स्वयंपाकघर पुढच्या मुक्कामी नेणं हे सरळसरळ काम झालं. ड्रायव्हरने चाव्या खिशात टाकल्या आणि तो स्लीपरमध्ये, केबिनमागच्या बिछान्यावर, जाऊन झोपला. बरोबरच केलं.

सुटका झाली ती बदली ड्रायव्हरमुळे. टूरच्या पुढच्या टप्प्यासाठी तो आदल्या संध्याकाळीच विमानाने सॅन अँटोनिओला येऊन झोपला होता. अशा ट्रकला लागणारं क्लास ए लायसन्स, मेडिकल कार्ड, विम्याच्या यादीत नाव, सगळं फाइलला होतं. त्याला आणायला व्हॅन पाठवली. ट्रक दोन आणि ड्रायव्हर एक, तर आधी कुठला यावर ब्रास आणि पर्कशनवाल्यांनी तोंड उघडायच्या आत किचन असं ठरलं.

भरलेलं किचन नुसतं चावी फिरवून निघत नाही. अंड्यांचे ट्रे बाहेर काढलेले, ते परत आत. गॅसचे सिलिंडर बंद, प्रत्येक खणाची कडी लावलेली, भांडी रिकामी, शेगड्या थंड. जनरेटर मात्र चालूच ठेवायचा, कारण फ्रिजचं तापमान 41 फॅरनहाइटच्या वर गेलं तर दूध, अंडी, चिकन किती वेळ तसं राहिलं ते मोजावं लागतं. किचन मॅनेजरने निघताना आणि पोचल्यावर थर्मामीटर वाचून आकडे वहीत लिहिले. सव्वाआठला ट्रक तिकडे लागला. ड्रायव्हरला त्याच व्हॅनने मागे आणलं आणि साडेदहाला वाद्यंही पोचली.

मुलं सातला आडवी झाली होती, अर्धी छोट्या जिममध्ये, अर्धी कॅफेटेरियात. उठवायचं कधी यावरून खरा वाद. स्पर्धा उद्यावर, आणि कॅप्शन हेडना, म्हणजे एकेका विभागाच्या मुख्य शिक्षकांना, दहाला मैदान हवं होतं. मुलांना मिळायची झोप, आमच्या भाषेत फ्लोअर टाइम, ठरवायचा अधिकार टूर डायरेक्टरचा असतो, शिकवणाऱ्यांचा नाही. तो असाच असायला हवा, असं माझं ठाम मत आहे. बाराला उठवायचं ठरलं.

याची किंमत दुपारी मोजावी लागली. सकाळचे थंड तास गेले आणि दीडला टेक्सासच्या उन्हात गवतावर उतरायची वेळ आली. ट्रेनरने डब्ल्यूबीजीटी मीटर मैदानाच्या मध्यावर लावला, आकडा बघितला आणि मैदान बंद केलं. हा मीटर तापमानासोबत दमटपणा, ऊन आणि वारा धरतो, त्यामुळे फोनवरच्या हवामानाशी वाद घालून उपयोग नसतो. साडेचारपर्यंत सेक्शनल, म्हणजे एकेका सेक्शनचे वेगळे सराव, आत घेतले; बॅटरी, म्हणजे चालत ड्रम वाजवणारी मुलं, सावलीत सरावाच्या पॅडवर. मैदानाकडेला बर्फाच्या पाण्याचा टब भरूनच ठेवला होता. उष्माघात झालाच तर आधी तिथेच थंड करायचं, अँब्युलन्सने हलवायचं नंतर. कुणाला बसवावं लागलं नाही. सहा ते साडेनऊ पूर्ण एन्सेम्बल, म्हणजे सगळ्यांचा एकत्र सराव, झालं.

पहिल्या शाळेने भाडं परत केलं. बसचे जादा मैल आणि मिडल स्कूलच्या माणसाचा पहाटेचा ओव्हरटाइम मात्र आमच्या बजेटमधून गेला. हिवाळ्यात शाळांना पाठवायच्या फॉर्मवर स्प्रिंकलरचा टायमर, ट्रक पार्किंग, शॉवरची संख्या असे रकाने आधीपासून होते. आता जिमच्या फ्लोअरचं काम कधी आहे तो रकाना आणि मेंटेनन्स विभागातल्या माणसाचा थेट नंबरही असतो. मुक्कामाच्या आठवडाभर आधी त्या नंबरवर फोन करायचं काम माझ्याकडे आहे.