टिपरे, हास्यजत्रा आणि रात्रीचा ‘कोर्ट’

आज पावसाने घराबाहेर पडूच दिलं नाही, म्हणून आई आणि मी दिवसभर टीव्हीसमोर. सकाळी ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’चे चार भाग सलग पाहिले. २००१ साली सुरू झालेली मालिका, पण आजही प्रसन्न वाटते. प्रभावळकरांचे आबा रात्री डायरी लिहायला बसले की आई आपसूक गप्प होते. पाच माणसांच्या साध्या घरातला विनोद, कुणाला कमी न लेखता केलेला. मला तोच सगळ्यात जास्त आवडतो.

दुपारी ‘हास्यजत्रा’. खूप हसलो, कलाकारांचं टायमिंग अफाट आहे. फक्त कुणाच्या दिसण्यावरचे विनोद कमी झाले तर बरं, इतकं मनापासून वाटतं.

रात्री ‘कोर्ट’. २०१५ मध्ये थिएटरात पाहिला तेव्हा संथ वाटला होता. आज वाटला नाही. वीरा साथीदारांचा लोकशाहीर नारायण कांबळे तर मनात रुतून बसलाच (साथीदार २०२१ मध्ये कोरोनाने गेले, हे आठवून पुन्हा वाईट वाटलं), पण आज मी जास्त पाहत राहिलो ती गीतांजली कुलकर्णींची सरकारी वकील. कोर्टात कलमं वाचून दाखवणारी, मग मुलाला घेऊन घरी येणारी, सगळ्यांसाठी स्वयंपाक करणारी. दुष्ट अजिबात नाही. आणि तरी एका निरपराध माणसाला तुरुंगात ठेवायला हीच बाई झटते.

आई म्हणाली, “अगदी आपल्यातलीच आहे रे ती.”

त्यानंतर बराच वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही.