डोळे लाल नाहीत, पण खुपतात

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत पाळण्यापाशी उभी होते तेव्हा पहिल्यांदा दोन्ही डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपलं. गड्ड्यावर धूळ असतेच म्हणून घरी येऊन पाणी मारलं न् झोपले, पण सकाळी खिडकी उघडली तर उजेड सहनच होईना, डोळ्यातनं नुसती धार. आणि आरशात बघितलं तर डोळे पांढरेस्वच्छ, लाली अजिबात नाही.

इथनंच सगळा घोळ. लाल नाही म्हणजे काही झालेलं नाही असंच सगळ्यांना वाटतं. आई म्हणाली मोबाईल कमी कर. मी अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात माल तपासायला आहे, ट्यूबलाइटखाली दिवसभर पांढरे टॉवेल उलटायचे, दोन तासांत डोळे मिटून घ्यावेसे वाटायचे. एकदा गॉगल लावून बसले तर शेजारची अक्का म्हणाली, "चांगलेच दिसायलेत की गं डोळे तुझे." ती वाईट बोलली नाही, पण मला रडू आलं.

आणि माझी एक मोठी चूक, त्रास असायचा तेव्हा सुट्टी मिळायची नाही, सुट्टी मिळून डॉक्टरकडे जाईपर्यंत महिना उलटलेला असायचा आणि डोळे आपोआप शांत झालेले असायचे. मग डॉक्टरांना दिसणार काय? एकांनी ॲलर्जीचे ड्रॉप दिले, एकांनी अँटिबायोटिक, एकांनी चष्म्याचा नंबर बदलला. परत पाच-सहा आठवड्यांनी तेच.

शेवटी मे महिन्यात, सोलापूरचं ऊन तुम्हाला माहितीय, रिक्षातनं ओढणीने डोळे झाकून त्रास सुरू झाल्याच्या तिसऱ्याच दिवशी दुसऱ्या दवाखान्यात गेले. तिथल्या मॅडमनी डोळ्यात पिवळा रंग सोडला आणि स्लिट लॅम्पच्या, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राच्या, निळ्या उजेडात बघून स्क्रीनवर मलाही दाखवलं, बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, म्हणजे कॉर्नियावर, बारीक बारीक ठिपके, उजव्या डोळ्यात १४ आणि डाव्यात ९. आजाराचं नाव थायगेसन केरायटिस. फिलिप्स थायगेसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९५० मध्ये पहिल्यांदा याचं वर्णन केलं. ठिपके कॉर्नियाच्या अगदी वरच्या थरात असतात, आणि तिथे नसांची टोकं इतकी दाट असतात की एवढ्याशा ठिपक्यानेही जीव नकोसा होतो, बाहेरून मात्र काही दिसत नाही. का होतो ते अजून नक्की सापडलेलं नाही, एखादा व्हायरस असेल असा संशय आहे पण सिद्ध झालेलं नाही. येतो, जातो, परत येतो, काहींना वर्षानुवर्षं. पण ठिपके गेले की सहसा डाग राहत नाही, नजर शाबूत राहते, हे मॅडमनी सांगितलं तेव्हा कुठे जिवात जीव आला.

त्यांनी सौम्य स्टिरॉइडचा ड्रॉप दिला, हळूहळू कमी करत बंद करायचा होता. दोन-तीन दिवसांत इतका आराम पडला की पुढच्या वेळी खुपायला लागल्यावर मी सरळ मेडिकलवर गेले न् जुनी बाटली दाखवून तोच घेतला. त्याने काही न विचारता दिला. असं चार महिने चाललं. तपासणीला गेले तर डोळ्याचं प्रेशर २७! साधारण २१ च्या आत पाहिजे. या ड्रॉपने प्रेशर वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही लवकर येऊ शकतो, आणि प्रेशर वाढलेलं आपल्याला आतनं कळत नाही हो, काहीच दुखत नाही. शिवाय नागिणीच्या जातीतला हर्पीसचा व्हायरस डोळ्यात असेल तर हाच ड्रॉप बुबुळाची वाट लावू शकतो, आणि खुपणं, पाणी येणं दोन्ही आजारांत सारखंच. म्हणून कळकळीने सांगते, मेडिकलवरनं डोळ्याचा ड्रॉप स्वतःच्या मनाने घेऊ नका.

आता सायक्लोस्पोरिनचा, म्हणजे स्टिरॉइड नसलेला, ड्रॉप चालू आहे, घातला की चांगलाच झोंबतो आणि गुण यायला वेळ लागतो, पण त्याने प्रेशर वाढत नाही. मागच्या वेळी १८ आलं. आणि खुपायला लागलं की त्याच दिवशी जायचं, असं कारखान्यात मालकांना सांगून ठेवलंय, ते हो म्हणाले. मागच्या मंगळवारी तसंच केलं. या वेळी ठिपके उजव्यात ३, डाव्यात एकही नाही.