कोण लागतो तुझा?

‘संबंध’ हा शब्द सांगलीत ऐकायचा तर भांडण लागायला हवं. “तुझा काय संबंध?” “संबंधच येत नाही!” “आजपासून तुमचा आमचा संबंध संपला.” दोन घरांचं बरं चाललेलं असताना ‘आमचे संबंध चांगले आहेत’ असं कुणी म्हणत नाही. कुणी म्हणालाच, तर कोर्टाची तारीख जवळ आली असं खुशाल समजावं.

पाण्याच्या बाबतीतही तेच. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ओसरलं आणि वाद चढला : खाली कर्नाटकात कृष्णेवरच असलेल्या अलमट्टी धरणाचा आमच्या पुराशी संबंध आहे की नाही? वडनेरे समितीनं २०२० मध्ये अहवाल दिला, त्यात अलमट्टीला दोष दिला नाही. चहाच्या टपरीवर तो अहवाल अजून मंजूर झालेला नाही. कोयनेबद्दल मात्र असला वाद होत नाही. तिथून विसर्ग वाढला की सांगलीतला माणूस एवढंच म्हणतो, “कोयनेनं सोडलंय, आपल्याकडं येतंय,” आणि फ्रिज माळ्यावर चढवायला माणसं बोलावतो. खरा संबंध असतो तिथं तो शब्द लागतच नाही. सोडलंय, येतंय, क्रियापदांवर भागतं.

समानार्थी शब्दांच्या यादीत संबंध, नातं, संपर्क, संग, सहवास, दुवा असे सगळे एका ओळीत बसवलेले असतात, जणू एकाच्या जागी दुसरा चालून जाईल. बसवून बघा. ‘संपर्क’ साधायचा तो कार्यालयीन वेळेत. ‘सहवास’ निरोप समारंभात लाभतो. ‘संगत’ बहुतेक वेळा वाईट असते आणि ती दुसऱ्याच्या पोराची आपल्या पोराला लागते. ‘सोबत’ मात्र कधी वाईट झाल्याचं ऐकलं नाही. ‘संगनमत’ पोलीस ठाण्यात राहतं. आणि ‘संगम’ नद्यांचा. कृष्णेला माहुलीत वेण्णा मिळते, कराडात कोयना आणि इथं हरिपुरात वारणा. माणसांचा संगम मानपत्रातच होतो, नाहीतर लॉजच्या पाटीवर.

रोजच्या बोलण्यात आम्ही हे सगळं जोडीच्या शब्दांवर निभावतो. बोलणं-चालणं, ऊठबस, जाणं-येणं, देणं-घेणं. नुसतं कानावर पडलं तर एकाच अर्थाचे वाटतील, पण यात पायऱ्या आहेत आणि त्या सगळ्यांना पाठ असतात. “त्यांचं आमचं बोलणं-चालणं आहे” म्हणजे रस्त्यात भेटले तर थांबतो, घरी बोलवायची गरज नाही. ऊठबस असलेला माणूस कट्ट्यावरचा, त्याला आपलं घर ठाऊक असेलच असं नाही. जाणं-येणं म्हटलं की बायकापोरं आली, हळदीकुंकू आलं. देणं-घेणं त्याच्याही आतलं. ते नसलं तर ‘घेणं ना देणं’ म्हणून माणूस एका फटक्यात निकालात निघतो. सगळ्यात वर घरोबा. तो ओळखायची खूण सोपी आहे : माणूस हाक न मारता थेट स्वयंपाकघरात येतो आणि भाकरीच्या टोपल्यात काय आहे ते स्वतः बघतो.

एक जोडी मात्र मला खटकते, रोटी-बेटीची. रोटी आता बऱ्याच उंबऱ्यांवरून आत जाते. बेटीचं नाव निघालं की तेच घर ‘आमच्यात तसं चालत नाही’ म्हणतं. ‘आमच्यात’ या सप्तमीत किती माणसं बसतात, ते त्या वेळी बरोबर कळतं.

देण्याघेण्याची लेखी नोंद बघायची असेल तर लग्नघरातली आहेराची वही उघडावी. शंभरपानी, पहिल्या पानावर ‘श्री’, कोपऱ्यात हळदीचं बोट. मांडवाच्या तोंडाशी टेबल टाकून घरातला एखादा अक्षर बरं असलेला पोरगा बसवलेला असतो. नाव, गाव, रक्कम. पण एकाच नावाचे चार पाव्हणे निघतात, म्हणून नावापुढं तो बारीक अक्षरात लिहितो : ‘एसटीतले’, ‘हळदीच्या पेठेतले’, ‘मिरजेचे मामा’, ‘ताईच्या वर्गातल्या’, ‘बोअर मारणारे’. अख्ख्या घराची माणसं कुठून कुठून जमलीत, ते या बारीक अक्षरात उतरतं. पुढं त्यांच्याकडची पत्रिका आली की वही निघते. त्यांनी पाचशे एक लिहिले असतील तर आपण थोडे वाढवून द्यायचे. तेवढेच परत दिले तर हिशोब मिटला असा अर्थ होतो, आणि हिशोब कुणालाच मिटवायचा नसतो. बोलणं बंद असलेल्या घरांतसुद्धा आहेर चुकत नाही. दुसऱ्याच्या हाती पाठवतात, पण पाठवतात.

हल्ली पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ छापतात. आमच्या आत्यानं तसली पत्रिका चष्मा लावून दोनदा वाचली आणि म्हणाली, “न्हाई घेणार म्हंजे? त्यांचं आमच्याकडं आलेलं हाय की. ते डोक्यावर घिऊनच जायाचं व्हय आमी?”

आहेर फेडतात तसा शेतात पैरा फेडतात. आज तुम्ही माझ्या रानात राबलात, उद्या मी तुमच्या. सगळ्यांनी मिळून एकाचं रान उरकायचं आणि त्यानं जेवण घालायचं, ती इर्जिक. ट्रॅक्टर आला आणि पैरा मागं पडला, कारण ट्रॅक्टरवाल्याला तासाचे पैसे दिले की काम तिथंच संपतं. त्याच्या पोरीच्या लग्नाला जावं लागत नाही.

नात्याच्या बाबतीत तर मराठीनं एक भलतंच क्रियापद काढून ठेवलंय. “तो तुझा कोण लागतो?” ठेच लागते, तहान लागते, उचकी लागते, लळा लागतो, वेड लागतं आणि त्याच रांगेत मावसभाऊ लागतो. पण आई काही ‘लागत’ नाही, आई असते. सख्खी माणसं असतात. लांबची लागतात, आणि कशी लागतात ते बोटं मोडून मोजावं लागतं. “नात्यानं मामा लागतो, वयानं माझ्या मागं दोन वर्षं.” मिरजेत दवाखाने गल्लोगल्ली, कर्नाटकातूनही पेशंट येतात. तिथल्या फॉर्मवर ‘रुग्णाशी नाते’ असा रकाना असतो. रोज डबा घेऊन येणारा माणूस तिथं पेन हातात धरून थांबतो, कारण तो कोणीच लागत नसतो. मग ‘शेजारी’ लिहितो.

भावकीचं उलट. ती लागते, आणि दोन्ही अर्थांनी लागते. बांधावरून बोलणं बंद, पण सुतक मात्र बरोबर दहा दिवस पाळणार. सातारा आणि सांगली यांचंही एका परीनं भावकीचंच नातं. १९४९ मध्ये जिल्ह्याची वाटणी होऊन उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा झाले, आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळालं. वाळवा, तासगाव, शिराळा इकडं आले. जुनी माणसं प्रतिसरकारच्या गोष्टी सांगताना ‘आपला सातारा’ म्हणतात, तेव्हा नकाशा आडवा येत नाही. वाटणी होऊनही बांध कोरल्याची तक्रार नाही, असं भावकीत फार क्वचित दिसतं.

अनोळखी माणसाला आमच्याकडं ‘पाव्हणं’ म्हणतात. पाव्हणा म्हटलं की तो कुणाचा तरी असणार, मग शोध सुरू. परवा सांगलीच्या स्टँडवर शेजारच्या बाकावर चाललेलं :

“पाव्हणं, कुठलं म्हणायचं?”

“विट्याकडचा.”

“आडनाव?”

“पाटील.”

“पाटील लई हायत. गावातलं का मळ्यातलं?”

“मळ्यातलं.”

“हिरीजवळ चिंच हाय, ते?”

“तेच की.”

“मग आमच्या साडूच्या थोरल्या भावाची सून तुमच्यातलीच न्हवं?”

पाव्हण्यानं क्षणभर आकाशाकडं बघून मोजलं. “व्हय. चुलत पुतणी लागती माझी.”

“आता कसं! मग ही पिशवी बघा जरा, मी गाडीचं विचारून येतो.”